जलक्रीडेची पाण्याबाहेरील पूर्वतयारी : एक ऐतिहासिक विचार
(सोलापूर परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रास्ताविक

क्रीडेच्या इतिहासलेखनात स्पर्धा, विक्रम आणि विजेते यांना जेवढे स्थान मिळाले, तेवढे त्या स्पर्धांच्या आधी महिनोन्‌महिने चालणाऱ्या मेहनतीला मिळालेले नाही. कुस्तीच्या फडाची रसभरीत वर्णने आपल्याकडे भरपूर आहेत. परंतु त्या फडात उतरण्यापूर्वी मल्लाने कोणते व्यायाम कोणत्या क्रमाने केले, याची नोंद शोधावी लागते. जलक्रीडांच्या बाबतीत ही उणीव अधिकच जाणवते. नौका दिसते, पाणी दिसते, वेग दिसतो. खेळाडूचे शरीर मात्र जमिनीवर, चार भिंतींच्या आत घडलेले असते आणि ते कोणी पाहिलेले नसते.

सोलापूरसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यातून वॉटर स्कीइंगविषयी लिहावे, हे वाचकांस काहीसे चमत्कारिक वाटण्याची शक्यता आहे. तथापि या खेळातील पाण्याबाहेरच्या व्यायामाचा प्रश्न अशा कोरड्या प्रदेशातूनच अधिक स्पष्टपणे दिसतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ज्यांच्याजवळ पाणी बारमाही आहे त्यांच्या दृष्टीने जमिनीवरील व्यायाम ही पुरवणी असते. ज्यांच्याजवळ ते वर्षातून काही महिनेच असते, त्यांच्या दृष्टीने तोच मुख्य ग्रंथ ठरतो. महाराष्ट्राची व्यायामपरंपरा या दुसऱ्या स्थितीला अपरिचित नाही, हे पुढील विवेचनातून दाखवावयाचे आहे.

खेळाचा उगम आणि शरीरावरील ताण

वॉटर स्कीइंगचा इतिहास शंभर वर्षांपलीकडे फारसा जात नाही. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात लेक सिटी या गावी राल्फ सॅम्युएल्सन या अठरा वर्षांच्या तरुणाने १९२२ च्या उन्हाळ्यात लेक पेपिन या जलाशयावर हा प्रयोग प्रथम यशस्वी केला. पिंपाच्या फळ्या झाल्या, बर्फावरच्या स्की झाल्या; शेवटी त्याने पाइनच्या लाकडाच्या सुमारे आठ फूट लांबीच्या फळ्या घेतल्या, त्यांची टोके उकळत्या पाण्यात मऊ करून वर वळवली, पायासाठी चामड्याचे पट्टे ठोकले आणि दोर म्हणून खिडकीच्या चौकटीत वापरतात तसली दोरी घेतली. भावाने नौका हाकली. सुरुवातीचे अनेक प्रयत्न फसले. फळ्यांची टोके पाण्याच्या वर ठेवून मागे रेलायचे आणि दोराला आपल्याला ओढू द्यायचे, ही युक्ती सापडल्यावर तो उभा राहिला. पुढे १९२५ मध्ये फ्रेड वॉलर याने अशा स्कीचे पेटंट घेतले, १९३९ मध्ये अमेरिकेत राष्ट्रीय संघटना व स्पर्धा सुरू झाल्या आणि १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये हा खेळ प्रात्यक्षिकापुरता दाखवला गेला.

सॅम्युएल्सनने शोधलेल्या युक्तीतच या खेळाचे शारीरिक वैशिष्ट्य सामावले आहे. नौकानयनात वल्हेकरी स्वतः ओढतो. वॉटर स्कीइंगमध्ये खेळाडू ओढला जातो. त्याने फक्त टिकून राहावयाचे असते. हात जवळजवळ सरळ, गुडघे किंचित वाकलेले, कंबर ताठ आणि मूठ घट्ट, अशा स्थितीत स्नायूंची लांबी फारशी बदलत नाही; पण त्यांच्यावरील भार सतत राहतो. हौशी प्रौढ खेळाडूस सामान्यतः ताशी तीस किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने ओढले जाते. स्पर्धेतील स्लॅलम प्रकारात पुरुषांसाठी कमाल वेग ताशी ५८ व स्त्रियांसाठी ५५ किलोमीटर असतो. पाच-दहा मिनिटांतच हौशी खेळाडूचे पुढचे हात भरून येतात आणि मूठ सुटू लागते. दुसऱ्या दिवशी पाठ, मांड्या आणि बोटे आखडलेली असतात.

याहून गंभीर बाब आरंभाची आहे. खोल पाण्यातून उठताना नवशिक्याने गुडघे छातीशी घेऊन बसून राहावयाचे असते. तो घाईने पाय ताठ करतो, त्याच क्षणी नौका दोर खेचते आणि धड पुढे झुकते. कंबरेत वाकलेले शरीर व सरळ झालेला गुडघा या एकत्रित स्थितीत मांडीच्या मागील स्नायूंवर असा काही झटका बसतो की, ते बैठकीच्या हाडापासून तुटूही शकतात. ही या खेळातील चांगलीच परिचित दुखापत आहे आणि ती नियमित स्पर्धकापेक्षा सुटीत एकदा पाण्यात उतरणाऱ्या हौशी माणसास सहज गाठते. म्हणून पाण्याबाहेरील व्यायामाचा खरा लाभार्थी विजेता नसून हौशी खेळाडू आहे. विजेता कसाही तयारी करतोच.

जमिनीवरील नौका

पाण्यावरचे कसब जमिनीवर शिकवण्याची कल्पना मात्र आधुनिक नाही. इ. स. पूर्व चौथ्या शतकातील अथेन्सचा सेनानी चॅब्रिअस याच्याविषयी पॉलिएनस हा नंतरचा लेखक सांगतो की, त्याने नवख्या वल्हेकऱ्यांना किनाऱ्यावर लाकडी चौकटींवर बसवून वल्हे मारण्यास शिकवले. त्याहून बोलका दाखला रोमचा आहे. कार्थेजशी पहिले प्युनिक युद्ध सुरू झाले तेव्हा रोमन हे जमिनीवर लढणारे लोक होते. पॉलिबियसने लिहून ठेवले आहे की, एकीकडे जहाजांची बांधणी चालू असताना दुसरीकडे जमिनीवर जहाजातल्याप्रमाणेच बाके मांडून माणसे बसवली गेली, मधोमध ताल देणारा उभा राहिला आणि सर्वांनी एकदम मागे रेलून हात छातीशी आणण्याचा व एकदम पुढे झुकण्याचा सराव केला. इ. स. पूर्व २६० मध्ये मायलीच्या लढाईत याच आरमाराने कार्थेजचा पराभव केला. त्या विजयाचे श्रेय इतिहासकार शत्रूच्या जहाजावर टाकावयाच्या फळीवजा पुलाला देतात व ते योग्यच आहे. पण त्या पुलापर्यंत जहाज नेणारे हात कोरड्या जमिनीवर तयार झाले होते.

आजही वॉटर स्कीइंगचा पहिला धडा गवतावर होतो. शिकणारा गुडघे जवळ घेऊन जमिनीवर बसतो, दोराची मूठ धरतो आणि शिक्षक दुसरे टोक खेचून त्याला उठवतो. हात वाकवले, घाई केली, तर तो तिथेच तोंडघशी पडतो. गवतावर पडणे परवडते.

तालमीची परंपरा : सलिलश्रम, लेझीम, मल्लखांब

आता आपल्या प्रदेशाकडे वळू. सोलापूर ज्या राजवटीच्या प्रभावक्षेत्रात दीर्घकाळ होते, त्या कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘मानसोल्लास’ अथवा ‘अभिलषितार्थचिंतामणी’ हा कोशसदृश संस्कृत ग्रंथ रचला. त्यातील मल्लविनोदाच्या प्रकरणात मल्लांच्या आहाराबरोबर त्यांच्या मेहनतीचे प्रकार नावानिशी दिलेले आहेत. भारश्रम म्हणजे वजनाचा व्यायाम, भ्रमणश्रम म्हणजे चालणे, स्तंभश्रम म्हणजे खांबावरची मेहनत. याच यादीत सलिलश्रम येतो : मल्लाने खोल पाण्यात उतरून हातांनी पाणी ढवळावयाचे. आपल्या विषयाच्या दृष्टीने हा उल्लेख फार अर्थपूर्ण आहे, कारण येथे संबंध नेमका उलटा आहे. आज आपण पाण्यावरील खेळासाठी जमिनीवर मेहनत करण्याविषयी बोलतो. सोमेश्वराचा मल्ल मातीतल्या खेळासाठी पाण्यात मेहनत करीत होता. खेळाचे क्षेत्र वेगळे आणि शरीर घडवण्याचे क्षेत्र वेगळे, हा विचार दोन्हींमध्ये समान आहे, आणि तो या भूमीत किमान नऊशे वर्षे नांदतो आहे.

दुसरा दाखला सोलापूरकरांच्या रोजच्या परिचयाचा आहे. गणेशोत्सवातील लेझीम पथकांसाठी हे शहर प्रसिद्ध आहे. पण लेझीम हे मुळात नृत्याचे साधन नव्हे. फारसीतील ‘लेजम’ म्हणजे सरावाचे धनुष्य. त्याला दोरीऐवजी लोखंडी साखळी असे आणि धनुर्धराच्या दंडांत, खांद्यांत व पाठीत बळ यावे म्हणून ते ताणावयाचे असे. म्हणजे धनुर्विद्येची ही रणांगणाबाहेरील पूर्वतयारी होती. धनुष्यबाण युद्धातून गेले, तरी पूर्वतयारी मागे राहिली. तिला हलगी-ताशाची साथ मिळाली, साधन हलके झाले आणि तिचे एक सामूहिक क्रीडानृत्य बनले. व्यायामाचा इतिहास लिहिताना ही गोष्ट विसरता येत नाही की, अनेकदा मूळ खेळापेक्षा त्याची तयारी अधिक चिवट ठरते.

मल्लखांबाचेही तेच झाले. पेशवाईच्या उत्तरकाळात, दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबविद्येचे पुनरुज्जीवन केले, असे परंपरा मानते. वणीच्या सप्तशृंगीची उपासना आणि स्वप्नातील मारुतीचा उपदेश ही त्याच परंपरेतील कथा आहे. तिचा ऐतिहासिक पुरावा म्हणून उपयोग करता येणार नाही. परंतु मल्लखांब या नावातच त्याचे मूळ प्रयोजन नोंदलेले आहे. जोडीदार मल्ल उपलब्ध नसताना मल्लाने ज्याच्याशी झोंबावयाचे, असा हा एरंडेल चोळलेला गुळगुळीत लाकडी खांब. पकड, अढी, सुटका, तोल हे सारे त्यावर साधावयाचे आणि मग हौद्यात उतरावयाचे. पुढे त्याचा स्वतंत्र खेळ झाला. पुरलेल्या खांबाबरोबरच टांगता मल्लखांब व वेताचा मल्लखांब आला आणि वेताच्या जागी पुढे सुती दोर आला.

या दोरीच्या मल्लखांबाकडे वॉटर स्कीइंगच्या दृष्टीने कोणी पाहिल्याचे प्रस्तुत लेखकाच्या वाचनात नाही. मात्र दोन्हीकडे माणूस दोरावर भार टाकून टिकून राहतो आणि बोटांपासून खांद्यापर्यंतची साखळी तुटू न देता धड स्थिर ठेवतो. बैठकांचेही असेच म्हणता येईल. जोर आणि बैठका या तालमीच्या जोडगोळीपैकी जोराची कीर्ती अधिक, तथापि स्कीवरील खेळाडूस बैठकांचा उपयोग जास्त. त्यातही अर्ध्या बैठकीत थांबून दम धरण्याची रीत त्याच्या कामाची आहे, कारण पाण्यावर तो अर्ध्या बैठकीतच असतो. मांडीच्या मागील बाजूस मात्र केवळ बैठकांनी पुरेसे संरक्षण मिळत नाही. त्यासाठी कंबरेत वाकून, पाठ सरळ ठेवून वजन सावकाश खाली नेण्याचे व्यायाम आवश्यक असतात, आणि पारंपरिक तालमीत त्यांवर विशेष भर दिसत नाही. परंपरेचा गौरव करताना तिच्यातील ही उणीव नोंदवणे इष्ट.

विलायतेचा रस्ता आणि पुण्याची नदी

एकोणिसाव्या शतकात या परंपरेची आणि युरोपीय व्यायामविचाराची गाठ पडली. हिंदुस्थानातील इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांना मुद्‌गलजोडीचे आकर्षण वाटले आणि ती ‘इंडियन क्लब’ या नावाने विलायतेस गेली. डोनाल्ड वॉकर याच्या १८३४ मधील ‘ब्रिटिश मॅन्ली एक्सरसायझेस’ या पुस्तकात मुद्‌गलाचे हात सचित्र दिलेले आहेत. नौका वल्हवणे व शीड हाकणे यांचे वर्णन अशा पुस्तकात आपणच प्रथम देत आहोत, असा दावाही तेथेच केला आहे. तालमीतील मुद्‌गल आणि विलायती नौका एका जिल्दीत शेजारी बसल्या, हा योगायोग खराच. पण खांदे व पाठ घडवण्याची गरज दोन्हींत समान असल्याने तो अर्थशून्य नाही.

पुण्यात मुळा-मुठेवर बंडगार्डनजवळ जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून झालेल्या बंधाऱ्यामुळे पाणी साठले आणि तेथे गोऱ्या अधिकाऱ्यांचा बोट क्लब १८६८ मध्ये उभा राहिला. पुढे अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी नौकानयनाची आणि वार्षिक रेगाटाची परंपरा रुजवली. तरीही दीर्घकाळ महाराष्ट्रात नौका आणि तालीम ही दोन वेगळ्या समाजांची क्षेत्रे राहिली. नदीवरील क्लबाला सभासदत्व, वर्गणी व शिष्टाचार होते. तालमीला मारुतीची मूर्ती, लाल माती आणि वस्ताद होता. ‘व्यायाम ज्ञानकोशा’सारखा प्रचंड उद्योग १९३० च्या दशकात बडोद्याहून दत्तात्रय चिंतामण मजुमदार यांनी आरंभिला. अमरावतीच्या १९१४ साली स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ च्या ऑलिंपिकच्या वेळी बर्लिनमध्ये देशी व्यायामांची प्रात्यक्षिके दाखवून आले. या साऱ्या चळवळीत देशी व्यायामाचा अभिमान होता, संघटन होते, राष्ट्रकार्याची जाणीव होती. नौकेच्या खेळाशी मात्र तिची गाठ क्वचितच पडली. यात तालमींचा दोष मानण्याचे कारण नाही. नदीकाठचे फाटक त्यांच्यासाठी उघडे नव्हते.

कोरड्या गावांतील वल्हेकरी

हे फाटक उघडले ते लष्कराने. पुण्यातील लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आवारात सैन्याचे नौकानयन केंद्र उभे राहिले आणि ज्यांनी आयुष्यात वल्हे हाती धरले नव्हते अशा उंच, काटक जवानांमधून वल्हेकरी निवडण्याची पद्धत सुरू झाली. राजस्थानातील सीकर जिल्ह्याचे बजरंगलाल ताखर यांनी २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत एकेरी स्कल्स प्रकारात सुवर्णपदक मिळवले. नौकानयनात भारताला मिळालेले आशियाई स्पर्धेतील ते पहिले सुवर्ण होते.

महाराष्ट्राच्या दृष्टीने दत्तू भोकनळ यांचे उदाहरण अधिक जवळचे आहे. नाशिक जिल्ह्याच्या चांदवड तालुक्यातील तळेगाव रोही हे त्यांचे गाव. हा टंचाईचा मुलूख. वडिलांबरोबर विहिरी खोदण्याची कामे केलेला हा तरुण २०१२ मध्ये सैन्यात दाखल झाला आणि खडकीच्या बॉम्बे इंजिनिअर ग्रुपमध्ये असताना नौकानयनाकडे वळला. पाण्याची भीती होती, असे त्यांनी स्वतः मुलाखतींतून सांगितले आहे. चार वर्षांनी, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी स्कल्समध्ये ते तेराव्या क्रमांकावर राहिले आणि २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत चौघांच्या स्कल्स संघातून त्यांनी सुवर्णपदक मिळवले.

चार वर्षांत हे कसे घडले, या प्रश्नाच्या उत्तराचा मोठा भाग पाण्याबाहेर सापडतो. आधुनिक वल्हेकऱ्याची परीक्षा रोइंग अर्गोमीटर या यंत्रावर होते. सरकत्या आसनावर बसून साखळीची मूठ ओढावयाची आणि दोन हजार मीटरचे अंतर किती मिनिटांत कापले हे काट्यावर पाहावयाचे. पॉलिबियसने वर्णिलेल्या बाकांचाच हा यांत्रिक वंशज होय. फरक एवढाच की, रोमन बाक ताल शिकवीत होते आणि हे यंत्र बळ मोजते. विहिरीच्या खोदकामातून कमावलेली पाठ आणि मांड्या या यंत्रावर प्रथमच आकड्यांत दिसतात. गावोगावच्या श्रमातून घडलेले असे शरीर पूर्वीही होते. त्याला मोजणारे साधन व पाण्यापर्यंत नेणारी संस्था नव्हती. भोकनळ यांच्या यशाची वार्तांकने ‘दुष्काळी भागातील मुलगा’ या विरोधाभासावर थांबतात. प्रस्तुत लेखकास त्यात विरोधाभास दिसत नाही. रोमनही समुद्रावरचे नव्हते.

सोलापूरचे पाणी

सोलापूर शहराचे पाण्याशी नाते कष्टाचे आहे. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी तलाव खोदविला, ही घटना येथील सामूहिक स्मृतीत देवालयाइतकीच पवित्र आहे. इंग्रजी अमदानीत शहराच्या उत्तरेस एकरुखचा तलाव बांधून १८७१ मध्ये पूर्ण झाला. तो आज हिप्परग्याचा तलाव म्हणून ओळखला जातो. भीमेवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले व यशवंतसागर जलाशयाची साठवण क्षमता ११७ टीएमसीच्या घरात गेली. यांपैकी ६३ टीएमसीहून अधिक पाणी मृतसाठा म्हणून गणले जाते. त्यामुळे जिल्ह्यातील वृत्तपत्रांत उन्हाळ्यात ‘उजनी उणे’ अशी टक्केवारी छापली जाते. शून्याखाली जाणारे धरण ही कल्पना बाहेरच्या माणसास समजावून सांगावी लागते. येथील शाळकरी मुलास नाही.

उजनीवर जलपर्यटन व जलक्रीडा वाढवाव्यात, असा विचार अलीकडे शासकीय पातळीवरही मांडला जातो. पिण्याचे पाणी, ऊस आणि मासेमारी यांच्या दाव्यांपुढे मोटारनौकेच्या खेळाला अग्रक्रम मिळू नये, हे उघड आहे. परंतु तो खेळ आलाच, तर त्याचे वेळापत्रक धरणच ठरवील. चांगला पाऊस झाल्यास भाद्रपद-आश्विनापासून साधारण माघापर्यंत जलाशय तुडुंब असतो. नंतर पाणी उतरत जाते, काठ मागे सरकतो आणि चिखलाचा पट्टा रुंदावतो. मिनेसोटात हिवाळ्यात सरोवर गोठते, म्हणून तेथील खेळाडूंनी सुटीच्या महिन्यांत जमिनीवर मेहनत करण्याची रीत पाडली. येथे पाणी आटते. चैत्र ते श्रावण हा काळ जमिनीवरील मेहनतीचा ठरतो आणि नागपंचमीपर्यंत कस लावून मेहनत करण्याच्या तालमीच्या जुन्या रिवाजाशी तो बराचसा जुळतो.

या काळात हौशी खेळाडूने काय करावे, याचे उत्तर आता दुर्मीळ नाही. अर्ध्या बैठकीत थांबणे, दोराला लोंबकळून पकड वाढवणे, पोट व कंबर स्थिर ठेवण्याचे व्यायाम, एका पायावरील तोल, मांडीच्या मागील स्नायूंची सावकाश मेहनत आणि शेवटी गवतावर दोराचा धडा. एवढे आठवड्यातून तीनदा आठ-दहा आठवडे केले तरी पहिल्या दिवसाची फजिती बरीच टळते. पोहणे येणे आणि अंगात जीवरक्षक जाकीट असणे ही त्याआधीची अट आहे. यांतील बहुतेक व्यायामांना महागडे यंत्र लागत नाही. जुन्या महाविद्यालयीन जिमखान्यांत यासाठीचे साहित्य एकेकाळी होतेच.

साधनांविषयी थोडेसे

येथेच इतिहासाच्या अभ्यासकाचा प्रश्न सुरू होतो. जुन्या महाविद्यालयांच्या जिमखान्यांत कोणत्या साली किती मुद्‌गल, लेझिमी, मल्लखांब, दोर आणि वजने खरेदी झाली, याची नोंद कोठे सापडेल? वार्षिकांकांत विजेत्यांची छायाचित्रे असतात, व्यायामसाहित्य नसते. ती नोंद डेड स्टॉक रजिस्टरमध्ये असते. तेथे वस्तूचे नाव, नग, किंमत, खरेदीची तारीख आणि शेवटी ‘निर्लेखित’ असा शेरा क्रमाने आढळतो. कोणत्या वर्षी मल्लखांब निर्लेखित झाला आणि त्याच पानावर मल्टिजिमची नोंद केव्हा झाली, एवढ्या दोन तारखांमधून त्या महाविद्यालयाच्या व्यायामविचारातील पालट कळू शकतो. वर्गणीची पुस्तके व तालमीतील उपस्थितीच्या वह्या मिळाल्या, तर कोणत्या पेठेतली, कोणत्या व्यवसायातली मुले तेथे येत होती हेही समजेल. गिरण्यांच्या पाळ्या आणि तालमीच्या वेळा यांचा सोलापुरातील संबंध तपासण्यास तेवढेच साधन आहे.

मूल्यांकन समितीच्या भेटीपूर्वी भांडारगृह मोकळे करण्याची घाई सर्वत्र असते. त्या घाईत प्रथम जातात त्या या वह्या, कारण त्यांचा हिशेब संपलेला असतो. शारीरिक शिक्षण संचालक आणि इतिहास विभाग यांनी एकत्र बसून आपापल्या महाविद्यालयातील १९८० पूर्वीची अशी रजिस्टरे वेगळी काढून ठेवली आणि त्यांची छायाचित्रे घेतली, तर एका सत्रात होण्यासारखे हे काम आहे. खर्च नगण्य आहे. धुळीचा त्रास तेवढा होईल.